ओढा राखायचे पैसे म्हणजे खंडणीच!

खडूसराव: ओढ्यात खत-गाळ सोडू नका, काठाला गवत-झाडांचा पट्टा राखा म्हणून जमीनमालकाला दरवर्षी पैसे? घाण केली तर दंड ठोका, विषय संपला.

काठावरचा: दंड कोणाला? कारखान्याचा पाइप दिसतो, जमिनीतून झिरपणारं खतातलं नायट्रेट कोणाचं ते सांगा की! न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये शहराचं पाणी जिथून येतं त्या कॅट्सकिल डोंगरातल्या लोकांशी करार केला तो दानधर्म म्हणून नव्हे. गोठे सुधारायला पैसे देणं पाणी गाळण्याच्या प्रकल्पापेक्षा स्वस्त पडत होतं.

हिशेबनीस: आणि कोस्टारिका? 1996 च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनकरातून पैसे वाटले. सुरुवातीला बरेचसे अशा जंगलाला गेले जे तसंही कोणी तोडणार नव्हतं. उतार, मातीची धूप, पाण्याचा उगम बघून निवडा. अर्ज आला की चेक, हे बंद करा.

निचरावाला: तुम्ही सगळे काठावरच्या झाडांतच अडकलात. शेताखाली निचऱ्याच्या नळ्या असतील तर पट्टा कितीही रुंद ठेवा, पाणी त्याच्या खालून थेट ओढ्यात. मातीला चिकटलेला फॉस्फरस गवत अडवतं. विरघळलेलं नायट्रेट नळीतून सुखरूप पोचतं.

खडूसराव: म्हणजे पैसे पाण्यात. मी काय म्हणत होतो?

निचरावाला: अहो, पुढचं वाचा तरी! नळीच्या तोंडाशी फळ्या घालून पाणी अडवणारी पेटी बसवा, पातळी वर चढवा, ओढ्याला समांतर छिद्रांची नळी टाकून पाणी पट्ट्याच्या मातीत मुरवा. तिथे प्राणवायू कमी, सेंद्रिय कर्ब भरपूर. जिवाणू नायट्रेटचा वायू करतात. रेताड मातीत जमत नाही. काठ उंच आणि उभा असेल तर भिजून ढासळतो.

काठावरचा: पेरणी-कापणीला?

निचरावाला: आधी फळ्या काढा, नाहीतर ट्रॅक्टर रुतेल. नंतर परत लावायला विसरतात, तिथेच सगळं फसतं.

हिशेबनीस: तुमच्या पेटीत चर्चेचा धागा बुडाला. कुंपणाचं बोला. गुरं ओढ्याबाहेर ठेवायची तर हौद द्यावाच लागतो. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला 100 लिटरपर्यंत पिते. कुंपणाला अनुदान आणि हौदाला नाही, म्हणजे तार कापली जाणारच. ओढा ओलांडणारी तार पुरात तुटून सुटेल अशीच बांधा, नाहीतर ओंडके अडकून खांबही जातात.

काठावरचा: मुदतीचंही बघा. अमेरिकेत जमीन न नांगरता राखायचे 10-15 वर्षांचे करार. 2007 नंतर धान्य महागलं, मुदत संपलेल्या बऱ्याच जमिनी पुन्हा नांगराखाली. फ्रान्सच्या विटेल या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीचे शेतकऱ्यांशी करार 18 ते 30 वर्षांचे होते.

खडूसराव: बरं बाबा, द्या पैसे. पण पट्टा पाच वर्षं टिकलेला दिसल्यावरच.

हिशेबनीस: रोपं, तार, हौद यांचा खर्च पहिल्याच वर्षी येतो, साहेब. तो कोण भरणार, तुमचा दंड?