रिव्हॉल्व्हर, पिस्तूल की रायफल? नाशिककर नेमबाजांनो, तुमची आवडती सांगा

नमस्कार मंडळी. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं तेव्हापासून आपल्याकडे ज्याला त्याला नेमबाजीबद्दल विचारायचंय. पोरगा कोल्हापूरकडचा, पण नेमबाजीचे धडे आपल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये गिरवलेला, त्यामुळे नाशिककर त्याला हक्काने आपला म्हणतात. पण लोक विचारतात ते मेडलचं, हत्याराबद्दल कोणी विचारत नाही, आणि रेंजवर मात्र आम्ही चहा घेताना तासन्‌तास त्याच्यावरच बोलत असतो. म्हणून हा धागा. स्वतः चालवलेल्या हत्याराबद्दलच लिहा, यूट्यूबवर बघितलेल्या नको. आणि खरेदी-विक्रीची चौकशी इथे अजिबात करू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी दहा मीटर एअर पिस्तूलवाला. आमच्याकडे नेहमीचा वाद म्हणजे स्टायर की मोरिनी. स्टायरच्या एलपी १० मध्ये स्टॅबिलायझर असतो, गोळी सुटताना बसणारा बारीकसा झटका तो आतच खाऊन टाकतो, फोरसाईट (नळीच्या टोकाची नेमाची खूण) जागची हलत नाही. मोरिनीचा १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवर चालतो, बॅटरी असते आत. नियमाने एअर पिस्तूलचा चाप किमान ५०० ग्रॅमचा लागतो, मॅचआधी वजन टांगून तपासतात, तो दोन्हीत सारखाच, पण बोटाला वेगळाच लागतो. स्टायरमध्ये फर्स्ट स्टेज (चापाची सुरुवातीची हलकी ओढ) संपली की एक भिंत लागते, तिथे थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि मग त्या भिंतीवर हळूहळू दाब वाढवायचा. मोरिनीत शॉट इतका स्वच्छ सुटतो की पुष्कळांना तेच हवं असतं. मला भिंत लागते. मी स्टायरवरच राहिलो आणि राहणार.

देवळालीकर काका (निवृत्त, तोफखाना)

तुमच्या एअर पिस्तूलचा मान राखून सांगतो, आमच्या पिढीला रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ ची ली-एनफील्ड. आम्ही तोफखान्याचे लोक, दिवसभर कानात तोफांचा आवाज, पण वैयक्तिक हत्यार रायफलच असायचं. थ्री नॉट थ्रीचा बोल्ट जगात भारी आहे असं माझं ठाम मत. बाकीच्या बऱ्याच बोल्ट रायफलींना बोल्ट वर उचलतानाच जोर लावावा लागतो कारण स्प्रिंग तेव्हा ताणली जाते, हिच्यात बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते, त्यामुळे उघडताना हात लोण्यासारखा फिरतो आणि डोळा साईटवरून हलत नाही. मॅगझीन दहाचं. त्यानंतर सेव्हन पॉइंट सिक्स टू एसएलआर आली, बेल्जियमच्या एफएएलवर बेतलेली, आपल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, वीसचं मॅगझीन. खांद्याला चांगलीच लागायची, पण गॅस रेग्युलेटर नीट सेट केला की चिखलात पण चालली. नंतर इन्सास हातात आली, ५.५६, वजनाला बरी, रिकॉइल (मागचा झटका) अगदी कमी, नवीन मुलांचं ग्रुपिंग (गोळ्या जवळजवळ लागणं) तिच्यावर पटकन आलं हे मी स्वतः बघितलंय, तरीपण मला ती कधी आपली वाटली नाही. एसएलआरचं लाकूड गालाला लागलं की समजायचं आता शिस्त बसली.

गोदाकाठची (एनसीसी, जुनी बॅच)

काका, तुमच्या मोठ्या रायफलींसमोर माझी लहान आहे पण लिहितेच. एनसीसीची पॉइंट टू टू डीलक्स. पाचचं मॅगझीन, पंचवीस यार्ड, जमिनीवर पालथं पडून पाच राउंड. आमच्या उस्तादांना बुल (टार्गेटचा मध्य) लागला की नाही याच्याशी घेणंदेणंच नव्हतं, ते टार्गेट घेऊन यायचे आणि पाच भोकं किती जवळ आहेत तेवढंच बघायचे. पाचही एका कोपऱ्यात पण चिकटून असतील तर शाबासकी, आणि एक मधोमध नि बाकी चार विखुरलेली असतील तर परत झोप खाली. ग्रुप आला की साईट हलवून तो मध्ये नेता येतो, पण विखुरलेल्याला काही औषध नाही. हे मी अजून माझ्या वर्गातल्या मुलींना सांगते. नंतर मोठ्या रेंजवर ५० मीटरला अन्शुट्झ मिळाली, तोच पॉइंट टू टू राउंड, पण ती रायफल म्हणजे काय सांगू, गालपट्टी वरखाली, बट मागेपुढे, हाताला टेकायचा हुक, सगळं आपल्या मापाचं करून घ्यायचं. स्वप्नील खेळला तो याच प्रकारात, गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. माझं प्रेम अजूनही पालथं पडून मारण्यावर. जमीन आधार देते, स्लिंग (रायफलचा पट्टा) दंडाला घट्ट असते, आणि मनगटातली नाडी फोरसाईटमध्ये दिसायला लागते.

निवृत्त पोलीस, पंचवटी

मी नोकरीत पॉइंट थ्री एट रिव्हॉल्व्हर आणि नाइन एमएम पिस्तूल दोन्ही वापरली. आजकालची पोरं रिव्हॉल्व्हरला म्हातारं हत्यार म्हणतात, त्यांना माझं सांगणं आहे की एकदा नीट हातात घेऊन बघा. एखादं काडतूस नाही उडालं तर पिस्तुलात स्लाइड ओढून ते बाहेर काढावं लागतं, रिव्हॉल्व्हरमध्ये फक्त परत चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. आत काय आहे ते दिसतं, सिलिंडर उघडला की सहाच्या सहा घरं डोळ्यासमोर. जुनी वेब्ली तर मधून मोडायची, एका झटक्यात सगळी रिकामी काडतुसं बाहेर. नवीन माणसाला सुरक्षितता शिकवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

आता पिस्तुलाची बाजू पण मांडतो. नाइन एमएम ऑटो पिस्तूल वन-ए, तेराचं मॅगझीन, ग्रिप भरदार, बदलायला वेळ लागत नाही. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा (चाप ओढतानाच घोडाही चढतो असा) चाप लांब आणि जड, त्यामुळे तर्जनी आणि मनगट तयार नसेल तर गोळ्या खाली डावीकडे जातात. फायरिंग प्रॅक्टिसला हेच दिसायचं, पिस्तूलवर बरे असणारे रिव्हॉल्व्हरवर घसरायचे. पण जो रिव्हॉल्व्हरचा डबल अ‍ॅक्शन चाप सरळ ओढायला शिकला त्याला पुढे कुठलंही हत्यार द्या, तो मारतो. मला निवडायला सांगितलं तर पॉइंट थ्री एट.

इतिहासवाला, रविवार कारंजा

पोलीस काकांच्या वन-ए वरून आठवलं म्हणून छोटीशी भर. हे पिस्तूल ज्या ब्राउनिंग हाय पॉवरवरून आलं त्याचं मूळ काम जॉन ब्राउनिंगचं, तो १९२६ मध्ये वारला आणि पुढे बेल्जियमच्या सेव्ह नावाच्या डिझायनरने ते पूर्ण केलं. आणि नाशिकला ब्राउनिंग नाव काही नवीन नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंगचंच पिस्तूल होतं, सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीसपैकी. आपण क्रिकेट बघायला जातो ते गोल्फ क्लबचं मैदान त्याच कान्हेरेंच्या नावाचं. मला यात हत्यार म्हणून जी गोष्ट आवडते ती अशी की पिस्तुलाला मागेपुढे सरकणारी स्लाइड याच माणसाने रुळवली आणि आज बहुतेक ऑटो पिस्तुलांना स्लाइड असतेच. म्हणून माझं मत पिस्तुलाला.

रायफलवाल्या मुलीची आई, इंदिरानगर

मी स्वतः नेमबाज नाही पण मुलीमुळे इतकं बघितलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. लोकांना वाटतं एअर रायफल म्हणजे जत्रेतले फुगे. अहो, दहा मीटरवर तिचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा! वर परत दशांशात मोजतात, शॉटला जास्तीत जास्त १०.९. एका दशांशाने फायनल जाते आणि पोरगी रात्री जेवत नाही. एअर पिस्तूलचा दहा साडेअकरा मिलिमीटरचा असतो, म्हणून पिस्तूलवाल्यांना सोपं असतं असं मी एकदा रेंजवर म्हटलं तर सगळ्यांनी मिळून समजावलं की ते एका हाताने, कसलाही आधार न घेता मारतात ताई.

रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. वर ते जाड कॅनव्हासचं जॅकेट आणि ट्राउझर, ताठ, पाठीला आधार देणारं. डिसेंबरात निफाडकडून गार वारं येतं तेव्हा बरं वाटतं, पण मे महिन्यात ते घालून दीड तास उभं राहणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. वॉल्थर आणि फाइनवेर्कबाउ दोन्ही तिने चालवून बघितल्या, माझ्या मते दोन्ही उत्तमच, फरक पडला तो बटप्लेट आणि गालपट्टी तिच्या अंगाला बसवण्यात, त्याला दोन महिने गेले आणि त्यानंतरच स्कोअर हलला. वापरलेली रायफल घेणाऱ्या पालकांना एकच सांगते, हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा, त्याची मुदत (बहुधा दहा वर्षं) संपली की तो बदलावाच लागतो आणि ओळखीच्यांनी आम्हाला हे सांगितलंच नव्हतं.

सातपूरचा मशिनिस्ट

मी कंपनीत दिवसभर मायक्रॉनमध्ये काम करतो म्हणून असेल पण मला हत्यार आवडतं ते आतून. पंचवीस मीटर सेंटर फायर खेळतो. हा असा प्रकार जिथे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही एकाच लाइनवर उभी राहू शकतात, कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर. बहुतेक जण पॉइंट थ्री टू वॅडकटर वापरतात, त्याची गोळी पुढून सपाट असते, काडतुसाच्या तोंडाशीच संपते, टार्गेटवर पंचने मारल्यासारखं गोल भोक पडतं आणि स्कोअरवरून भांडण होत नाही. असं बिननाकाचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये चढवणारं पिस्तूल बनवणं सोपं काम नाही, पार्दिनी आणि वॉल्थरच्या जीएसपीने ते करून दाखवलंय आणि त्यासाठी त्या इंजिनिअरांना माझा मनापासून नमस्कार. पार्दिनीची नळी हाताच्या अगदी जवळ, खाली बसते, त्यामुळे झटक्याने तोंड फार वर उचललं जात नाही आणि दुसऱ्या शॉटला साईट लगेच परत येते.

पण मला वाटतं सगळे ट्रिगर आणि नळीवर बोलताहेत आणि ग्रिपला कोणी विचारत नाही. ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची असते, मी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन स्वतः घासतो, कमी पडेल तिथे पुट्टी भरतो, सुकली की परत घासतो. डोळे मिटून हात उचलायचा, उघडायचे, साईट सरळ दिसली पाहिजे. नाही दिसली तर परत कानस. हे जमेपर्यंत पिस्तूल कोणत्या कंपनीचं आहे याने काहीही फरक पडत नाही. आणि ग्रिपला भीत भीत कानस लावणाऱ्यांनो, लाकूड आहे, परत भरता येतं.

द्राक्षवाला, निफाड

आमच्याकडे आजोबांची पॉइंट थ्री वन फाइव्ह, इशापूरची, बोल्टवाली. मळ्यात राहतो, ऊस चारी बाजूला, बिबट्या रोजचाच. आधीच सांगतो, बिबट्यावर बंदूक चालवायचा प्रश्नच येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि फॉरेस्टवाले पिंजरा लावतात, आम्ही पण त्यांनाच फोन करतो. रायफल ठेवली ती आजोबांची म्हणून आणि मला आवडते म्हणून. आठ एमएमची गोळी, आवाज असा की मळाभर घुमतो. कारखान्याची म्हणून फिनिश रांगडी आहे, आमच्या सातपूरच्या दादांना आवडणार नाही, पण नळी चांगली आहे. रेंजवर नेतो, आठ एमएम काडतूस महाग म्हणून मोजकंच मारतो, आणि आलो की फलालीनची चिंधी पुल-थ्रूला लावून नळी साफ, मग तेलाचा हात. पावसाळ्यात तर दर आठवड्याला, नाहीतर गंज धरलाच.

लायसन्स कुटुंबात पुढे कसं न्यायचं हे बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून लिहितो. २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे की लायसन्सधारकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. वारल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं. निवडणूक आली की हत्यार जमा करायची नोटीस येते, तेव्हा वेळेत जमा करायचं आणि पावती जपून ठेवायची.

स्पोर्ट्स पिस्तूलवाली, कॉलेज रोड

माझी पॉइंट टू टू, पंचवीस मीटर. रायफलवाले शांततेवर जगतात, आम्ही घड्याळावर. आधी तीस शॉट सावकाश प्रिसिजनचे आणि मग तीस रॅपिडचे, टार्गेट तीन सेकंदच समोर, सात सेकंद गायब, त्या तीन सेकंदांत हात पंचेचाळीस अंशावरून वर आणायचा, साईट पकडायची आणि शॉट सुटलेला पाहिजे. चाप किमान एक किलोचा, एअर पिस्तूलच्या दुप्पट. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडला याच प्रकारात गोल्ड घेतलं, आणि महाराष्ट्राच्या मुलीने घेतलं म्हणून मी एअर सोडून इकडे आले. मला रॅपिडच आवडतं, विचार करायला वेळच नसतो, हात जे शिकलाय तेच करतो.

दादा, एअरची ती भिंत वगैरे सगळं ठीक आहे, पण एकदा पंचवीस मीटरला या.

धागाकर्ता

येतो, नक्की येतो! एका वाचकाने विचारलंय की मुलगा बारा वर्षांचा आहे, पिस्तूल द्यावं की रायफल. आधी काहीच घेऊ नका. रेंजवर घेऊन जा, दोन्ही हातात द्या. रायफलला पाठ आणि कंबर वाढत्या वयात नीट सांभाळावी लागते, कोच चांगला हवा. पिस्तूलला मनगट लागतं, किलोभर वजन सरळ हाताने तोलून धरायचंय. पहिला महिना छर्रा न भरता नुसतं होल्ड आणि ड्राय फायर करू द्या, आणि नळीतला सेफ्टी फ्लॅग (हत्यार रिकामं आहे हे दाखवणारी दोरी) कधी काढायचा नि कधी घालायचा हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. ४.५ एमएमची आणि वीस जूलच्या आतली एअरगन असेल तर लायसन्स लागत नाही, तरीसुद्धा घरी ती कुलुपातच ठेवा. पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हरवाले, बाराबोरवाले (शॉटगनवाले) अजून कोणीच लिहिलेलं नाही, त्यांची वाट बघतोय.