मदत हवी आहे: जांभ्याच्या कातळावर देशी झाडं जगवायची कशी?

बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे एका रिसॉर्टची तीन एकर आवारजागा माझ्याकडे आहे. लॉन आणि शोभेचे पाम काढून इथलीच झाडं परत आणायची, असं मालकांनी ठरवलंय. (पाहुण्यांना दोन वर्षांत 'काहीतरी दिसलं पाहिजे', हेही त्यांचंच.)

अडचण वरच्या एकराची. माती जेमतेम वीतभर, खाली सलग जांभा. गेल्या जूनमध्ये जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ अशी साठ रोपं दीड-दीड फुटाचे खड्डे घेऊन लावली. जुलैत खड्ड्यांत पाणी तुंबलं, मार्चमध्ये तीच माती विटेसारखी. अकरा जगली. एक मेलेलं जांभूळ उपटलं तर मुळं पिशवीच्या आकारातच गोल फिरलेली, बाहेर पडलीच नव्हती. करवंद आणि अंजनी मात्र न लावता कडेच्या भेगांतून वर येतायत.

रानमोडीचं तण दिवाळीआधी, फुलायच्या आत, उपटतो. तणनाशक मारणार नाही. विहीर एप्रिलात तळ गाठते, म्हणून ठिबक नको. गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीची वीसेक झाडं अजून उभी आहेत. त्यांच्या पाल्याचा थर कुजतच नाही, पण सावली काय ती त्यांचीच.

अशा कातळावर ज्यांनी स्वतः लावलंय त्यांना विचारतो: मोठी झाडं तूर्त सोडून आधी करवंद, अंजनी, दिंडा यांची झुडपं धरू द्यावीत का? रोपांऐवजी भेगांत बी टोकलं तर जगतं का? आणि बाभळी आत्ताच काढाव्यात, की खाली सावलीत रोपं धरेपर्यंत ठेवाव्यात?