मोटोक्रॉसच्या स्टार्टिंग गेटवर बायका पुरुषांच्या शेजारी का दिसत नाहीत?

लालमाती:
जानेवारी 2024 ला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली राऊंड झाली तेव्हापासून आमच्या घरात मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या बाईक रेसचं, खूळ शिरलंय, शनिवार-रविवार एमएक्सजीपी (मोटोक्रॉसची वर्ल्ड चॅम्पियनशिप) नाहीतर अमेरिकेतल्या नॅशनल्सच्या हायलाईट्स चालूच असतात. भाची 65 सीसीच्या पोरांच्या बाईकवर शिकतेय त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता टाईमपास नाहीये. लाईया सान्झ 2015 च्या डकार रॅलीला (लांब पल्ल्याची, आडवाटांची रेस) बाईकमधे सगळ्यांत मिळून नववी आली, पुरुष धरून. आना करास्कोने 2018 ला सुपरस्पोर्ट 300 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, तीही पुरुषांशी लढून. म्हणजे बाई बाईकवर पुरुषाला हरवू शकते हे सिद्ध झालेलं आहे. मग मोटोक्रॉसमधेच असं काय आहे की तिथे बायकांची रेस वेगळीच ठेवतात? माहितगारांनी नीट सांगा, "ताकद कमी असते" एवढ्यावर सोडू नका.

गॅरेजवाला_नाशिक:
ताकदीपासूनच सुरू करावं लागेल दादा, पण नीट सांगतो. 450 ची मोटोक्रॉस बाईक नियमाप्रमाणे कमीत कमी 99 किलो, पेट्रोल भरलं की त्याच्यावर. मोठ्या क्लासची एक मोटो, म्हणजे एक रेस, 30 मिनिटं अधिक 2 लॅप, आणि अशा दिवसात दोन. ह्या सगळ्या वेळात रायडर बसलेला नसतो, फुटपेगवर उभा, गुडघ्याने टाकी आवळून, आणि हाताने बाईक चाकोऱ्यांत म्हणजे रट्समधे ढकलत. हार्ट रेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ वरच्या टोकाला. पंधरा-वीस मिनिटांनी कोपराच्या खालचे स्नायू फुगून दगड होतात, त्यालाच आर्म पंप म्हणतात. मग क्लचवरचं बोट आहे की नाही तेच कळेनासं होतं, आणि पुढच्या ब्रेकिंग बम्पला (वळणाआधी ब्रेक मारून मारून मातीत झालेला उंचवटा) बाईक हातातून निसटायला बघते. पुरुषांनाही होतं हे, पण सरासरी बघितली तर बायकांची वरच्या अंगाची ताकद पुरुषांच्या निम्म्याहून थोडी जास्त असते, पायांमधे फरक त्यापेक्षा कमी. आणि हा खेळ मेला खांदे, दंड, पंजा ह्यांचाच आहे, त्यातून वाळूचा ट्रॅक असला, बेल्जियममधलं लोमेल बघा, तर बघायलाच नको.

करास्कोची रेस डांबरावर होती, छोट्या इंजिनाची, तिथे ब्रेकिंग, लाईन, टायर सांभाळणं ह्याला जास्त किंमत. डकारला एकेक जण वेळ सोडून निघतो, नेव्हिगेशन, दमसास, डोकं थंड ठेवणं ह्यावर नंबर लागतो. मोटोक्रॉसला 40 जण एका गेटवरून एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर कोपराला कोपर. बायकांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची, डब्ल्यूएमएक्सची, मोटो 20 मिनिटं अधिक 2 लॅपची असते.

भटकी:
गॅरेजवाले दादांनी शरीराचं बरोबर सांगितलंय, मी रोज जिमला जाते, पुलअप्सचा फरक मला कोणी शिकवायला नको. पण ह्याने फक्त एवढंच कळतं की बाई पहिल्या पाचात का येत नाही. गेटवर 40 जणांत एकही का नसते ह्याचं उत्तर ह्यात नाहीये, कारण पस्तिसावा येणारा पुरुषही त्या पहिल्या पाचांच्या जवळपास नसतोच की, तरी त्याला कोणी विचारत नाही तू इथे कशाला.

अमेरिकेचंच घ्या. 1971 मधे केरी क्लाईडला बाई म्हणून अडवलं, ती कोर्टात गेली आणि एएमए ह्या तिथल्या मोटरसायकल संघटनेचं प्रो लायसन्स मिळवलंच. म्हणजे दार कागदावर तेव्हापासून उघडं आहे. पुढे बायकांचा वेगळा क्लास नॅशनल्सबरोबर चालायला लागला आणि त्यातून अ‍ॅशली फिओलेक आली. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. बाकीचे रायडर इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकतात, मागून कोण येतंय तेही आवाजावरूनच कळतं, ती मात्र बाईकची थरथर अंगात ओळखून गिअर बदलायची आणि मागच्याला घाबरून लाईन सोडायची नाही. 2008, 2009, 2011, 2012 अशी चार टायटल्स. 2009 ला अमेरिकन होंडाच्या फॅक्टरी मोटोक्रॉस टीममधे आली, तिच्या आधी एकही बाई तिथे नव्हती. आणि झालं काय, तर 2013 पासून त्या सिरीजमधून बायकांचा क्लासच काढून टाकला!! त्या वर्षी चौदा-पंधरा वर्षांची जी मुलगी असेल तिने कोणाकडे बघून सराव करायचा, आणि तिच्या बापाने कुठल्या स्पॉन्सरकडे जायचं? इतक्या वर्षांनी आत्ता कुठे तो क्लास परत आलाय. ह्याचा मला खरंच राग येतो.

उट्रेख्तकर:
नेदरलँड्समधून लिहितोय. इथे लहान पोरं-पोरी 65 आणि 85 ला एकत्रच पळतात आणि त्या वयात पोरी पोरांना मागे टाकताना सर्रास दिसतात. लोटा फान ड्रूनन अशीच पोरांमधे पळून वर आली आणि 2024 ला 17 व्या वर्षी डब्ल्यूएमएक्सची वर्ल्ड चॅम्पियन झाली, तीही कोर्टनी डंकनसारखी चार वेळा जिंकलेली न्यूझीलंडची रायडर समोर असताना. फाटा फुटतो तो 85 सोडून मोठ्या बाईकवर जाताना, तेरा-चौदाच्या पुढे. पोरांच्या अंगात ताकद भरते आणि त्याच वेळी पोरींना टीम मिळायची बंद होते, दोन्ही गोष्टी एकदमच. भटकीताई म्हणतात त्यात भर घालतो, डब्ल्यूएमएक्सच्या वर्षाला सहा-सात राऊंड आणि एमएक्सजीपीच्या वीसच्या आसपास. ज्याला वर्षभर तीनपट गेट मिळतात तो सुधारणारच, मग बाई असो की पुरुष. किआरा फोंतानेझीने सहा टायटल्स जिंकली ती ह्याच तुटपुंज्या कॅलेंडरवर, तिला वीस राऊंड मिळाल्या असत्या तर कुठे गेली असती हे मला फार बघायचं होतं.

लालमाती:
सगळ्यांचे आभार. म्हणजे एकत्र पळवणं हा उपाय नाही असंच ना?

भटकी:
सक्तीने एकत्र केलं तर आज जी दोन-चार नावं पोडियमवर दिसतात तीही दिसायची बंद होतील. वेगळा क्लास हवाच, पण त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, टीव्हीवर दाखवून. आणि जिला पुरुषांच्या क्वालिफायिंगला उतरायचंय तिला उतरू द्यावं. आपल्याकडे ऐश्वर्या पिस्से 2019 ला एफआयएम ह्या जागतिक मोटरसायकल संघटनेच्या बाहा वर्ल्ड कपमधे (छोट्या रॅलींची स्पर्धा) बायकांमधे पहिली आली म्हणून आज कितीतरी मुली घरी रॅलीचं नाव काढू शकतात.

गॅरेजवाला_नाशिक:
पटलं ताई. लालमाती दादा, भाचीच्या बाईकचं एक बघा. कंपनीतून येणारी स्प्रिंग बहुतेक वेळा तिच्या वजनाला कडक पडते, पोरगी हलकी असली की मागचं सस्पेन्शन दबतच नाही, जंपवरून उतरताना बाईक उसळते आणि सगळे म्हणतात पोरगी घाबरते. हेल्मेट, बूट, सगळं गिअर घालून तिला बाईकवर उभी करा आणि सॅग मोजा, म्हणजे तिच्या वजनाने मागचं सस्पेन्शन किती दबतं ते, कमी भरला तर मऊ स्प्रिंग टाका. क्लच लिव्हरही जवळ घ्या, तिचं बोट पहिल्या पेरापासून पोचलं पाहिजे. मोजून झालं की आकडे इथे टाका, मी बघतो.