मदत हवी आहे: गिटार आणि गाणं एकत्र रेकॉर्ड केलं की आवाज पोकळ येतो

लोकगीतांच्या बाजाची स्वतः रचलेली 10 गाणी आहेत, अल्बम घरीच करायचाय. गाणं आणि गिटार एकाच टेकमध्ये हवंय, वेगवेगळं केलं की लय मरते. दोन्ही माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारे) कन्डेन्सर: एक तोंडापासून 20 सेंमीवर, दुसरा गिटारच्या बाराव्या फ्रेटसमोर. ट्रॅक एकेकटे ऐकले तर झकास, एकत्र वाजवले की गळा नळीतून आल्यासारखा. ईक्यू (खर्ज-तार पट्टे कमी-जास्त) करून थकलो. 4 गाणी झालीत, ती वाचतील का? जाणकारांनी सांगावे.

खर्ज:
ईक्यूने जाणारच नाही. गिटारचा माइक तोंडापासून साधारण 50 सेंमीवर असणार, म्हणजे गळा तिथे 30 सेंमी जास्त चालून, सुमारे 0.9 मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक मिसळले की 570, 1700, 2850 हर्ट्झच्या आसपास खड्डे पडतात, म्हणजे तिथे दोन्ही ट्रॅकमधला गळा एकमेकाला मारतो. त्यात गाताना मान हलते, मग खड्डेही सरकतात.

उरलेल्या 6 गाण्यांसाठी दोन फिगर-एट (पुढून आणि मागून ऐकणारे) माइक मिळवा. हा माइक कडेने, 90 अंशांवर, जवळजवळ बहिरा असतो. गळ्याचा माइक वर तोंडाकडे कलता ठेवून त्याची कड गिटारकडे करा. गिटारचा खाली कलता, कड तोंडाकडे. अंदाजाने लावू नका. न गाता नुसती गिटार वाजवा, हेडफोनवर फक्त गळ्याचा माइक ऐका, आणि गिटार सगळ्यात बारीक ऐकू येईल तिथे स्टँड घट्ट करा. जवळून खर्ज फुगतो, म्हणून गळ्याचा माइक 25-30 सेंमीवर न्या. पाठीमागूनही तो तितकंच ऐकतो, तिकडे जाड रजई टांगा.

तरफ:
+१. झालेल्या 4 गाण्यांत गिटारचा ट्रॅक 0.9 मिलिसेकंद आधी सरकवा, 48 किलोहर्ट्झला साधारण 42 सॅम्पल. गळा सुधारेल, पण गळ्याच्या माइकमध्ये शिरलेली गिटार आता गिटारच्या ट्रॅकहून दुप्पट मागे पडेल आणि गिटार पोकळ होऊ शकेल. गळ्याच्या माइकमध्ये गिटार फार नसेल तरच हा उपाय.

धागाकर्ता:
सरकवून पाहिलं, 3 गाणी बरी वाटतात. चौथ्यात गिटार बिघडली.

तरफ:
चौथं नव्याने घ्या, त्यात वेळ घालवू नका. बाकीची तीन मोनोत (डावं-उजवं एकत्र करून) ऐकूनच पक्की करा. ट्रॅक डावे-उजवे पसरले की हा दोष लपतो, आणि फोनच्या एका स्पीकरवर पुन्हा डोकं वर काढतो.