अस्वलाचं नवीन घर: छकुलीला न्यावं का?

धाकटी मावशी: शनिवारी आम्ही छकुलीला घेऊन पार्कात जाणार आहोत. अस्वल, ससा या तिथल्या कॅरॅक्टरना भेटायला नवीन जागा केलीय असं ऐकलं. आपल्यातलं कोणी जाऊन आलंय का? छकुली आता तीन वर्षांची झाली, पण अनोळखी माणूस दिसला की अजून माझ्या मागं लपते. तिला त्या रांगेत न्यावं की नको, एवढंच विचारायचंय.

मामा: अगं, आपला भाचा गेल्या रविवारी आईला आणि पोरांना घेऊन गेला होता. सूनबाई सविस्तर सांगेल.

वहिनी: हो मावशी, आम्ही जाऊन आलो. आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे. पूर्वी अस्वल आणि ससा फाटकाजवळच्या मोकळ्या चौकात उभे राहायचे ना, तिथं रांग कुठून सुरू होते तेच कळायचं नाही. जो पुढे घुसेल त्याचा फोटो आधी. आता अस्वलाचं आख्खं घर बांधलंय आणि रांग त्या घराच्या खोल्यांमधूनच पुढे सरकते. ओट्यावर मधाच्या बरण्या, खुंटीवर त्याचा भलामोठा रेनकोट, भिंतीवर त्याचे लहानपणचे फोटो. पलंगाखाली त्याच्या तीन चपला आहेत, चौथी घरात कुठंतरी लपवलीय. चिऊ आणि सोन्या ती चौथी चप्पल शोधण्यात इतके रमले की रांगेचा कंटाळा आलाच नाही. कुठं आहे ते सांगत नाही, छकुलीला शोधू दे.

वहिनी: शेवटी एक बंद दार येतं. एका वेळी एकच कुटुंब आत सोडतात. आत अस्वल, त्याच्यासोबत असणारी ताई आणि फोटोवाला, एवढेच. मागून कोणी ढकलत नाही, आपल्या फोटोत दुसऱ्या कोणाचं डोकं येत नाही. दोन-अडीच मिनिटंच मिळाली, पण ती पूर्ण आमची होती.

धाकटी मावशी: आणि चिऊ? गेली का जवळ?

वहिनी: चिऊ रडली, मावशी. दार उघडलं आणि ती जी मला चिकटली ती बाहेर येईपर्यंत सुटलीच नाही. मला खूप वाईट वाटलं, कारण मागच्या वर्षी याच अस्वलाला तिनं चौकात स्वतःहून जाऊन टाळी दिली होती. तेव्हा ती अजून लहान होती, तरी घाबरली नव्हती. मग आताच काय झालं, हे मी आठवडाभर मनात घोळवतेय.

वहिनी: मला असं वाटतं. चौकात आम्ही वीस-पंचवीस मिनिटं उभे होतो आणि तेवढा वेळ अस्वल तिला दिसत होतं. लांबून आधी छोटं दिसलं, मग दुसऱ्या मुलांना मिठी मारताना दिसलं, एका बाळाचा हात हळूच धरताना दिसलं. आमची पाळी येईपर्यंत तिनं त्याला पुरतं पारखून घेतलं होतं. आता घरात चाळीस मिनिटं अस्वलाच्या वस्तू दिसतात, अस्वल काही दिसत नाही. आणि दार उघडल्याबरोबर एकदम सहा फुटांचं अस्वल चार पावलांवर! तिला त्याला बघायला वेळच मिळाला नाही.

मी: वहिनी, हे अगदी पटलं. मी गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलांबरोबर गेले होते. आमच्यापुढच्या दोन कुटुंबांतली लहान मुलंही दारातच थबकली होती. तेव्हा मला वाटलं, दमली असतील.

दादा: मला मात्र बंद खोली बरी वाटते. चौकात आजीची व्हीलचेअर पुढे न्यायची म्हणजे प्रत्येकाला बाजूला व्हा म्हणावं लागायचं. इथं रांगेत एकही पायरी नाही, वळणं रुंद आहेत आणि रांग लांबली तर टेकायला ठिकठिकाणी कठडे आहेत. हिचं म्हणणंही खरं आहे, पण त्यासाठी परत चौकात जायला नको. शेवटच्या खोलीच्या भिंतीला लहान मुलांच्या उंचीवर एक खिडकी ठेवली, की पुढच्या कुटुंबाची भेट दिसेल. मी त्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये हेच लिहून दिलंय.

मामा: खिडकीची कल्पना छान आहे रे. पण मग खोलीतला खासगीपणा जाईल. माझी पाळी असताना शंभर डोळे खिडकीला लागलेले मला नको वाटतील.

दादा: शंभर नाही मामा, आपल्यामागचं एकच कुटुंब. जे आता आत जाणार आहे ते.

मामा: मग चालेल.

धाकटी मावशी: चिऊ रडायला लागल्यावर अस्वलानं काय केलं?

वहिनी: ते सांगायलाच हवं. ते जराही पुढे आलं नाही. पाठ वळवली, जमिनीवर फतकल मारून बसलं आणि दोन्ही पंज्यांनी डोळे झाकले, जणू तेच लाजलंय. सोबतची ताई गुडघ्यावर बसून चिऊला म्हणाली, "त्याला पण नवीन माणसांची भीती वाटते." चिऊचं रडणं थांबलं, ती एका डोळ्यानं बघायला लागली. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर जमलं असतं. पण वेळ संपली होती, मागं रांग होती आणि आम्हाला निघावं लागलं. मला त्या दोघांबद्दल काहीच तक्रार नाही. त्यांनी जे केलं ते फार प्रेमानं केलं.

मामा: हा मेसेज डिलीट केला आहे

ताई: मामा, बरं झालं डिलीट केलंस! सोन्या आईच्या फोनवर हा ग्रुप वाचतो. तो आठ वर्षांचा आहे, त्याला अजून अस्वल म्हणजे अस्वलच आहे. त्याबद्दल काही लिहायचं असेल तर रात्री लिहूया.

मामा: चुकलं माझं. लक्षातच आलं नाही.

वहिनी: दोघं झोपली. आता मोकळेपणानं लिहा.

ताई: मावशी, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आम्हाला बालमानसशास्त्रात एक जुना प्रयोग शिकवायचे. १९६९ साली रीटा डीव्हरीज या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तो प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचा एक गरीब स्वभावाचा बोका होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्याला हात लावू दिला, कुरवाळू दिलं. मग त्याचं शेपटीकडचं अर्धं अंग मुलांना दिसत राहील असं ठेवून, पुढचं अंग आडोशाला घेऊन त्याला उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांनी सांगितलं की आता हा कुत्राच झालाय. काही घाबरून लांब सरकली. सहा वर्षांच्या मुलांना मात्र कळत होतं की मुखवट्यामागे बोकाच आहे.

ताई: म्हणजे छकुलीच्या वयात जे दिसतं तेच खरं असतं. आपण "अगं, ते खोटं आहे" म्हणून तिची भीती जात नाही. त्यात अस्वलाचं तोंड हलत नाही, डोळे मिटत नाहीत. माणसाच्या चेहऱ्यावरून मूल अंदाज घेतं की हा रागावलाय की खूश आहे. इथं तो अंदाज घ्यायला काही नाही, फक्त हातवारे आहेत. म्हणून लांबून, शांतपणे, हवा तेवढा वेळ बघायला मिळणं हाच उपाय. वहिनीला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं. आणि चिऊ मागच्या वर्षीपेक्षा मोठी असून घाबरली यात नवल नाही. भीतीचं वय प्रत्येक मुलाचं वेगळं असतं.

वहिनी: हे वाचून खूप बरं वाटलं गं. मला वाटत होतं मीच तिला नीट तयार केलं नाही.

मोठे काका: तुमची चर्चा संध्याकाळपासून वाचतोय. हा चौक की खोलीचा प्रश्न फार जुना आहे. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा मिकी वगैरे मंडळींचे पोशाखसुद्धा स्वतःचे नव्हते. आइस कपेड्स नावाचा बर्फावरच्या स्केटिंगचा शो होता, त्यांच्याकडून उसने आणले होते. पुढेही बरीच वर्षं कॅरॅक्टर मोकळे हिंडायचे. भेटले तर भेटले, नाहीतर नाही. १९८८ ला फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात मिकीच्या साठाव्या वाढदिवसासाठी मिकीज बर्थडेलँड केलं, तिथं शो झाल्यावर त्याला ड्रेसिंग रूममध्ये जाऊन भेटता यायचं. मग जानेवारी १९९३ ला अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमधल्या टूनटाउन भागात त्याचं घरच बांधलं. लोक घर बघत बघत मिकीपर्यंत पोचतात. आपल्या अस्वलाचं घर त्याच वाटेनं गेलंय.

मोठे काका: खोलीमुळे एक गोष्ट नक्की मिळाली: आत गेलात की भेट होणारच. चौकात तासभर थांबून पाळी यायची आणि तेवढ्यात कॅरॅक्टर विश्रांतीला जायचं. त्या पोशाखात उकडतं, विश्रांती घ्यावीच लागते, त्यात कोणाचा दोष नाही. पण मुलाला ते कसं सांगणार? घरात मात्र रांग थांबवतात, सोबतची ताई सांगते की अस्वल मध खायला गेलंय, पाच मिनिटांत येईल. कोणाचा हिरमोड होत नाही.

दादा: हो काका, आमच्या वेळीही अगदी असंच झालं. तेवढ्यात सोन्यानं बरण्या मोजल्या.

मामा: भावजी, मिकी मध्ये काही वर्षं बोलायचाही ना?

मोठे काका: हो. मॅजिक किंगडमच्या टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये, २०१३ ते २०१८. तोंड हलायचं, डोळ्यांची उघडझाप व्हायची, मुलांशी गप्पा मारायचा. ताई म्हणते ती अडचण त्यानं थोडी कमी झाली असणार. पण मला न बोलणारेच जास्त भावतात. शब्द नसले की पूर्ण अंगानं बोलावं लागतं. ते पाठ वळवून बसणं बघा ना, त्यातच सगळं आलं.

मोठे काका: आणि छकुलीसाठी उपयोगाचं एक आठवलं. कोविडमध्ये बंद झालेली अमेरिकेतली डिस्नेची पार्कं पुन्हा उघडली तेव्हा मिठ्या बंद होत्या. कॅरॅक्टर लांबूनच हात हलवायचे. १८ एप्रिल २०२२ ला पुन्हा जवळून भेटी सुरू झाल्या. लोकांना मिठीची आस लागली होती, पण लाजऱ्या मुलांना ती लांबची भेट सोपी गेली असणार. तेव्हा मिठी मारलीच पाहिजे असं नाही. दारातून हात हलवला तरी भेट झाली.

ताई: काका, हेच मला लिहायचं होतं. मावशी, कृपा करून तिला फोटोसाठी पुढे ढकलू नकोस. रडतं मूल अस्वलाच्या मांडीत बसवून काढलेले फोटो मला बघवत नाहीत.

धाकटी मावशी: नाही गं, नाही ढकलणार. मग करू काय?

मी: मावशी, दुपारी अस्वल आणि ससा वीसेक मिनिटं तळ्याजवळच्या पुलावरून फिरतात. आधी तिथं ने. लांबून बघू दे. मग घरात जा. आणि सहीची वही नेणार असशील तर जाड मार्कर ने. पंज्यात बारीक पेन धरता येत नाही.

वहिनी: आणि दाराशी पोचलात की सोबतच्या ताईला आधीच सांगा की ही लाजते. आम्ही सांगितलं नव्हतं.

आजी: मी बोलून लिहितेय चुका असतील. मला खोली आवडली. अस्वल माझ्या खुर्चीपाशी खाली बसलं. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी म्हटलं बाबा तू दमला असशील. त्यानं मान हलवली. नाही म्हणाला. चिऊ रडत होती म्हणून तुम्ही कोणी बघितलं नाही.

वहिनी: आजी, मी खरंच बघितलं नाही. फोटोवाल्यानं घेतलाय का बघते.

वहिनी: आहे! अकरावा फोटो. टाकते.

मामा: आईचा चेहरा बघा. मोठा करून फ्रेम करून देतो.

धाकटी मावशी: (शनिवार, रात्री) जाऊन आलो. पुलावर बघितलं, तेव्हा आजोबांच्या कडेवरून खाली उतरायला तयार नव्हती. घरात चपलेत रमली, चौथी सापडली, मीही सांगणार नाही. दाराशी मी त्या ताईला सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या कुटुंबाला विचारते. ते हो म्हणाले, मग तिनं दार अर्धं उघडं ठेवलं आणि छकुलीनं बाहेरूनच त्यांची भेट पाहिली. आमची पाळी आली तेव्हा आत पाऊल टाकलं, दोन पावलं. पुढे नाही गेली. अस्वलानं जमिनीवर पंजा उपडा ठेवला. तिनं तिची टोपी काढून जमिनीवर ठेवली आणि पायानं त्याच्याकडे सरकवली. त्यानं ती डोक्यावर ठेवली, मग तशीच परत सरकवली. वेळ संपली.

धाकटी मावशी: तेव्हापासून ती टोपी काढत नाही. आत्ता झोपलीय तीसुद्धा टोपी घालूनच.

वहिनी: मावशी, पुढच्या महिन्यात चिऊला घेऊन येतो. दार अर्धं उघडं ठेवायला सांगेन.