उंदराच्या पंजाची सूज उतरली, म्हणून आईचा गुडघा बरा होणार?

नौपाडा_नाना
आईचा गुडघा सुजलाय, ठाणे स्टेशनचा पूल चढताना दर पाच पायऱ्यांवर थांबते. शेजारच्या काकूंनी होमिओपॅथीचं रस टॉक्स २०० आणून दिलं, वर व्हॉट्सॅपवर "विज्ञानाने सिद्ध" म्हणून फॉरवर्ड. वाचला तर उंदरांवरचा प्रयोग. समुद्री शेवाळातून काढतात ते कॅराजिनन पंजात टोचायचं, पंजा टम्म सुजला की तो नळीतल्या पाण्यात बुडवून पातळी किती चढते ते तासातासाने मोजायचं. टेस्ट झकास आहे, साध्या पेनकिलरही अशाच तपासतात. पण उंदराला मदर टिंक्चर दिलं, म्हणजे थेट झाडाचा अर्क, की दोनशे वेळा पातळ केलेलं २०० दिलं याचा पत्ताच नाही! जे तपासलं तेच विका ना.

सीवूड्स_शुभा
आले परत होमिओपॅथीला साखरेच्या गोळ्या म्हणणारे 😄 सासूबाईंना आर्निकाने फरक पडला, तुमच्या पेनकिलरने तर पोटाची पार वाट लागली होती. आणि पवई आयआयटीने २०१० मध्ये २०० पोटेन्सीतही कण दाखवलेत, ते वाचा आधी.

कोपरीकर
ताई, तो पेपर सोनं, तांबं, जस्त असल्या धातूंच्या औषधांवरचा, रस टॉक्स हे झाड आहे. ३० पोटेन्सी म्हणजे शंभरात एक असं तीसदा पातळ करायचं, एकावर साठ शून्यं, आणि बाराव्या वेळेलाच मूळ रेणू उरायचे वांधे होतात, मग २०० चं काय बोलायचं. आपल्या शिरपूरच्या संशोधकांचा रस टॉक्स आणि उंदरांवरचा पेपर २०१८ ला 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला, किती गाजला, २०१९ ला जर्नलने मागे घेतला. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

सीवूड्स_शुभा
अ‍ॅलोपॅथीचे पेपर मागे घेत नाहीत का? आणि मुळात होमिओपॅथी माणूस बघून औषध देते हो. चालायला लागल्यावर मोकळं वाटतं तर रस टॉक्स, हललं की दुखतं तर ब्रायोनिया. उंदराला हे कोण विचारणार?

कोपरीकर
मग उंदराचा प्रयोग पुरावा म्हणून पाठवता कशाला?? माणसांवरच करा, औषध डॉक्टरच निवडू दे, फक्त अर्ध्या बाटल्यांत कोऱ्या गोळ्या, कोणत्या ते डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही.

सीवूड्स_शुभा
करा की, घाबरतंय कोण. पण गोळ्यांसोबत अर्धा तास बोलणं पण द्या, दोन्हीकडे सारखं.

नौपाडा_नाना
हे पटलं. बाय द वे आईला विचारलं चालून बरं वाटतं का, म्हणाली बसलं तरी दुखतं, उठलं तरी दुखतं. शुभाताई, आता कुठली बाटली?