क्लस्टरमध्ये स्पायरल गॅलक्सी इतक्या कमी का?

दंडोबा_मिरज:
मंडळी एक शंका आहे. शनिवारी दंडोबाच्या डोंगरावर आठ इंची डॉब (साधी आरशाची दुर्बीण) नेली होती, मिरजेकडचा उजेड सोडला तर आभाळ झकास होतं. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला कन्येत सरकत गेलो तर मार्केरियन चेन म्हणजे गॅलक्सींची ओळ सापडली, त्यातल्या एम ८४ आणि एम ८६ या गॅलक्सी एकाच फील्डमध्ये, दोन गोल धुरकट ठिपके, मधे उजळ आणि कडेला विरत गेलेले. जवळचा एम ८७ पण तसलाच. आपली आकाशगंगा स्पायरल म्हणजे चपट्या तबकडीत वळलेले हात असलेली, अँड्रोमेडा स्पायरल, मग जिथं शेकड्यानं गॅलक्सी एकत्र आहेत त्या क्लस्टरमधले मोठे मेंबर असे गोळे का?

अजिंक्यतारा_२१:
भावा, टकरा. दोन स्पायरल एकमेकांत मिसळल्या की ताऱ्यांच्या कक्षा पार विस्कटतात, चपटी तबकडी राहतच नाही, उरतो तो गोळा. क्लस्टरमध्ये गर्दी म्हणून टकरा जास्त, एवढंच.

वाईची_ताई:
दादा, मिसळण्याचं बरोबर आहे पण ते क्लस्टरच्या आत फारसं होत नाही. तिथं गॅलक्सी सेकंदाला हजारेक किलोमीटरनं पळतात, त्या वेगात दोघी शेजारून निघून जातात, एकमेकींत अडकत नाहीत. मिसळणं होतं ते छोट्या ग्रुपमध्ये, जिथं वेग कमी असतो, आणि असे ग्रुप नंतर क्लस्टरमध्ये येऊन पडतात.

क्लस्टरमधली खरी गोष्ट गॅसची आहे. गॅलक्सींच्या मधली जागा रिकामी नसते, कोट्यवधी डिग्री तापलेला विरळ गॅस भरलेला असतो, तो एक्स-रेमध्ये दिसतो. बुलेटवर जाताना हवा थांबलेली असली तरी तोंडावर वारं बसतंच ना, तसं त्या गॅसमधून पळणाऱ्या स्पायरलवर बसतं आणि तिचा स्वतःचा गार हायड्रोजन मागं उडून जातो. १९७२ मध्ये गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी हे गणितानं मांडलं. तारे जागेवर राहतात पण गॅस गेला की नवे तारे बनायचे थांबतात, निळे तारे लवकर मरतात, हळूहळू स्पायरलचे हात पुसट होतात आणि लेंटिक्युलर, म्हणजे तबकडी आहे पण हात नाहीत अशी गॅलक्सी, उरते. १९८० मध्ये ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञानं ५५ क्लस्टर तपासून दाखवलं की गर्दी वाढेल तशा स्पायरल कमी होत जातात, मोकळ्या जागेत साधारण ८० टक्के आणि सगळ्यात दाट भागात १० टक्क्यांच्या आसपास.

दंडोबा_मिरज:
लई भारी ताई. मग ८४ आणि ८६ म्हणजे गॅस गेलेल्या स्पायरलच का?

वाईची_ताई:
नाही, नुसता गॅस गेला तर तबकडी मोडत नाही. ते गोळे जुन्या मिसळण्यातून झालेत असंच मानतात. पण ८६ चं अजून चालूच आहे, तो क्लस्टरमधून आपल्या दिशेनं येतोय आणि त्याचा तापलेला गॅस मागं लांबच लांब शेपटीसारखा ओढला गेलाय. आणि त्याच चेनमध्ये पुढं एनजीसी ४४३८ ही गॅलक्सी बघा, तिची तबकडी चक्क वाकडी झालीय, तिच्यापासून ८६ पर्यंत हायड्रोजनचे धागे सापडलेत, म्हणजे दोघांची गाठ पडून गेलीय.

खंबाटकी_पलीकडे:
थोडी भर. हा उडालेला गार हायड्रोजन रेडिओवर दिसतो, २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिशेस, तिथून हे काम होतं. विज्ञान दिनाला २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांसाठी उघडं असतं, साताऱ्याहून पहाटे निघालं तर दिवसात जाऊन येता येतं. कुणी येणार असेल तर सांगा, गाडीत जागा आहे.